शपथ नसलेली सोबत

फँटसी गेममधला सोबती आपल्यावर नाराज झाला की स्क्रीनवर लगेच कळतं. खऱ्या दोस्तीत अशी सोय नसते. जगातली सगळ्यात प्रसिद्ध ‘पार्टी’ लिहिणाऱ्या माणसालाही ती नव्हती.

‘बाल्डर्स गेट ३’ खेळलेल्यांना हा पेच आठवत असेल. आश्रयाला आलेल्या निर्वासितांना वाचवायचं, की त्यांच्यावर हल्ला करणाऱ्यांच्या बाजूने जायचं? हल्लेखोरांची बाजू घेतलीत तर वायल आणि कारलाक तुमची साथ सोडतात. रात्री छावणीत मारलेल्या गप्पा, एकत्र केलेल्या लढाया, काहीही आड येत नाही. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये लोगेनला जीवदान दिलंत की अ‍ॅलिस्टर निघून जातो. मग तुमची त्याच्याशी कितीही यारी असो.

एकमेकांचं पटत नसलेली चार-सहा माणसं एका मोहिमेवर एकत्र निघतात, हा या गेम्सचा साचा. माणूस, एल्फ, ड्वॉर्फ आणि हाफलिंग यांची टोळी आपल्याला इतकी सवयीची झालीये, की ती कुणीतरी पहिल्यांदा जमवली होती हे आपण विसरतो. हाफलिंग तर आधी सरळसरळ हॉबिट होते. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा नियमपुस्तकात तोच शब्द होता. पुढे हक्कांवरून तक्रार आली आणि नाव बदलावं लागलं. ज्याच्या पुस्तकातून हे हॉबिट आले, त्या जे. आर. आर. टॉल्किनचा मृत्यू त्याआधी काही महिनेच, २ सप्टेंबर १९७३ ला झाला होता. आपल्या टोळीचं पुढे काय होणार आहे, हे त्याला कधीच कळलं नाही.

त्याच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र अशा दोन टोळ्या होऊन गेल्या. पहिली युद्धाने मोडली. दुसरी कशी विरली, ती गोष्ट जास्त आपल्या जवळची आहे.

चहाचा कट्टा

टॉल्किनचा जन्म ३ जानेवारी १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. चार वर्षांचा असताना वडील गेले. तोवर आई दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली होती. १९०० मध्ये तिने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि प्रॉटेस्टंट नातेवाइकांनी पैशांची मदत बंद केली. १९०४ मध्ये ती मधुमेहाने गेली. इन्शुलिनचा शोध लागायला अजून १७ वर्षं होती. बारा वर्षांच्या टॉल्किनच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: आपल्या आईने श्रद्धेची किंमत मोजली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलांची जबाबदारी फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी घेतली. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स शाळेत टॉल्किनला दोस्त मिळाले. शाळेच्या लायब्ररीत गुपचूप चहा करून प्यायचा, मग बॅरोज स्टोअर्सच्या टी-रूममध्ये कट्टा जमवायचा, म्हणून गटाचं नाव टी क्लब अँड बॅरोव्हियन सोसायटी. थोडक्यात टीसीबीएस. रॉब गिल्सन, जेफ्री स्मिथ, ख्रिस्तोफर वाइजमन आणि टॉल्किन हे चौघे त्याचा गाभा. वाइजमन मेथडिस्ट, टॉल्किन कट्टर कॅथलिक. दोघांचे धर्मावरून कडाक्याचे वाद व्हायचे, आणि तरीही दोघं एकमेकांचे सगळ्यात जवळचे मित्र होते. उलट वाद व्हायचे म्हणूनच होते, असंही म्हणता येईल.

मग पहिलं महायुद्ध आलं. वाइजमन नौदलात गेला, बाकीचे तिघे पायदळात. १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सॉमची लढाई सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी गिल्सन मारला गेला. टॉल्किनने स्मिथला लिहिलं की आपला गट आता संपला असं वाटतंय. स्मिथला हे अजिबात मान्य नव्हतं. गट माणसांच्या मोजणीवर चालत नाही, तो अजून आहे, असं त्याचं म्हणणं. दोन मित्र, तिसऱ्याच्या मरणाचा अर्थ काय यावर खंदकांमधून पत्राने भांडत होते. डिसेंबरमध्ये तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी होऊन स्मिथही गेला. टॉल्किन तोवर ट्रेंच फीव्हरने आजारी पडून इंग्लंडला परतला होता.

उरलेल्या दोघांनी काय केलं? स्मिथच्या कविता गोळा केल्या आणि १९१८ मध्ये त्यांचं पुस्तक काढलं. टॉल्किनने पुढे आपल्या एका मुलाचं नाव ख्रिस्तोफर ठेवलं, वाइजमनवरून.

नास्तिक मित्र

दुसरी टोळी ऑक्सफर्डमध्ये जमली. टॉल्किन तिथे अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक होता. १९२६ मध्ये विभागाच्या एका बैठकीत त्याची सी. एस. लुईसशी ओळख झाली. लुईस बेलफास्टचा, प्रॉटेस्टंट घरातला आणि तेव्हा नास्तिक. अभ्यासक्रमात काय असावं यावरूनही दोघांचं सुरुवातीला जमेना. पण जुन्या नॉर्स कथांचं वेड दोघांनाही होतं, त्यातून सूर जुळला.

१९२९ च्या अखेरीस टॉल्किनने आपली एक अपुरी दीर्घ कविता लुईसला वाचायला दिली. असं काही दुसऱ्याच्या हातात देणं त्याला फार जड जायचं. लुईसने कविता मनापासून आवडल्याचं कळवलं आणि नंतर पानंच्या पानं टीका पाठवली. तीही कशी, तर ही कविता एक प्राचीन हस्तलिखित आहे आणि काही काल्पनिक पंडित तिच्या पाठांवर वाद घालताहेत, अशा थाटात. टॉल्किनने त्यातल्या बऱ्याच सूचना घेतल्या. न दुखावता झोडपणारा मित्र मिळणं ही केवढी चैन आहे!

१९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री टॉल्किन, लुईस आणि ह्यूगो डायसन मॉडलिन कॉलेजच्या आवारातल्या अ‍ॅडिसन्स वॉकवर फिरत होते. विषय होता मिथकं खोटी असतात का. लुईस देव मानू लागला होता, पण ख्रिस्ताची गोष्ट त्याला पटत नव्हती. टॉल्किन पहाटे तीनच्या सुमारास घरी गेला. थोड्याच दिवसांत लुईसने आपण ख्रिस्ती झाल्याचं जाहीर केलं. पण तो गेला अँग्लिकन चर्चकडे, टॉल्किनच्या कॅथलिक चर्चकडे नाही. टॉल्किनला हे लागलं. आईच्या बाबतीत काय झालं होतं, ते तो विसरला नव्हता.

इंकलिंग्ज हा गट याच सुमारास आकाराला आला. गुरुवारी रात्री लुईसच्या खोलीवर आणि मंगळवारी ‘ईगल अँड चाइल्ड’ पबमध्ये बैठक. जे लिहिलं असेल ते मोठ्याने वाचायचं आणि इतरांनी ते सोलून काढायचं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तिथे प्रकरणाप्रकरणाने वाचलं गेलं. डायसनला ते इतकं कंटाळवाणं वाटायचं की पुढेपुढे तो हजर असला की वाचन होईना. लुईस मात्र पाठ सोडत नव्हता. १९३७ ला सुरू झालेलं पुस्तक १९४९ ला पुरं झालं. लुईस मागे लागला नसता तर ते झालंच नसतं, हे टॉल्किनने पुढे मोकळेपणाने मान्य केलं.

सॅमचं बरोबर की फ्रोडोचं?

या पुस्तकातल्या टोळीत नऊ जण आहेत. निघण्याआधी शपथ घ्यायची का, अशी चर्चा होते. गिमलीला शपथ हवी असते, एलरॉन्ड मात्र ती घालत नाही. अंगठी नेणारा सोडून कुणावरही बंधन नाही, ज्याला जिथून परतायचं त्याने परतावं. गेमच्या भाषेत, प्रत्येक सोबत्याला ‘लीव्ह पार्टी’चं बटण पहिल्या दिवसापासून दिलेलं आहे.

सॅम ते बटण कधीच दाबत नाही. हा सॅम टॉल्किनला सापडला युद्धातल्या साध्या शिपायांमध्ये. ती माणसं आपल्यापेक्षा कितीतरी वरची होती, असं त्याचं मत होतं. पण सॅम फ्रोडोचा होयबा नाही. गॉलमवरून दोघांचं टोकाचं दुमत आहे. हा दगा देणार, असं सॅमचं म्हणणं, आणि गॉलम दगा देतोच. फ्रोडो त्याला दया दाखवतो, आणि शेवटी अंगठी नष्ट होते ती गॉलम जिवंत असल्यामुळेच. दोघंही बरोबर.

त्याहून अवघड एक जागा आहे. जिन्यावर झोपलेल्या फ्रोडोकडे बघून गॉलम क्षणभर बदलायच्या बेतात असतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो. तो क्षण निघून जातो. सॅमने हे निव्वळ मालकावरच्या प्रेमापोटी केलेलं असतं. टॉल्किनला आपल्या कथेतली ही सगळ्यात दुःखद जागा वाटायची. निष्ठा कितीही खरी असली तरी ती आंधळी होऊ शकते, हे निष्ठेची एवढी मोठी गोष्ट सांगणाऱ्यालाच दिसलं होतं.

न पाठवलेलं पत्र

मग स्वतःच्या बाबतीत काय? १९४३ मध्ये लुईसची ख्रिस्ती आचरणावरची पुस्तिका आली. सरकारी लग्न आणि चर्चमधलं लग्न वेगळं मानावं, घटस्फोटाचे चर्चचे नियम सगळ्यांवर लादू नयेत, असा त्याचा सूर. टॉल्किनला हे मुळातच चूक वाटलं. त्याने लुईसला सविस्तर उत्तर लिहायला घेतलं. पण ते पाठवलं नाही. कच्चा खर्डा त्याच पुस्तिकेत ठेवलेला नंतर सापडला.

१९३१ मध्ये तीन वाजेपर्यंत वाद घालणारी माणसं आता गप्प बसायला लागली होती. टॉल्किनला नार्निया आवडलं नाही. लुईसची चार्ल्स विल्यम्सशी झालेली जवळीकही त्याला खुपत होती. लुईसनेही तेच केलं. १९५६ मध्ये त्याने जॉय डेव्हिडमनशी रजिस्टर लग्न केलं, ती घटस्फोटित होती. टॉल्किनला काय वाटेल हे त्याला माहीत असणारच. त्याने सांगितलं नाही. टॉल्किनला ते नंतर बाहेरून कळलं.

इथे गोष्ट संपली असती तर ती नेहमीचीच झाली असती. पण १९५४ मध्ये केंब्रिजने एक नवं प्राध्यापकपद काढलं. ऑक्सफर्डने लुईसला इतक्या वर्षांत ते दिलं नव्हतं. निवड समितीत टॉल्किन होता. लुईसने नकार कळवला, तेव्हा टॉल्किन स्वतः त्याला भेटला, त्याच्या अडचणी ऐकून घेतल्या, ऑक्सफर्डचं घर न सोडताही हे जमेल हे पटवलं. लुईसला ते पद मिळालं.

आणि लुईसने? १९६१ च्या नोबेलसाठी त्याने टॉल्किनचं नाव सुचवलं. समितीने ते नाकारलं. नोबेलची कागदपत्रं ५० वर्षं बंद असतात, त्यामुळे जगाला हे कळलं २०१२ मध्ये.

२२ नोव्हेंबर १९६३ ला लुईस गेला. टॉल्किन अंत्यविधीला गेला, मात्र मृत्युलेख लिहायला त्याने नकार दिला. वयामुळे माणसं जातात तसं हे जाणं नव्हतं, घाव खोल होता, हे त्याने मुलीला कळवलं. लुईसला सांगायचं जे राहिलं होतं, ते राहिलंच.

गेममध्ये निदान सोबती छावणीत येऊन तोंडावर सांगतो की तुझं हे मला पटलेलं नाही. आपण ग्रुप म्यूट करतो आणि ‘काही नाही रे’ म्हणतो. टॉल्किन आणि लुईस एकमेकांसाठी शेवटपर्यंत उभे राहिले, यात शंका नाही. पण दोघांची दोस्ती बहरली ती वाद तोंडावर घालत होते तेव्हा, आणि वाळली ती एक पत्र पुस्तिकेत दडवून ठेवलं त्या सुमारास. तुमच्याही ड्राफ्ट्समध्ये असा एखादा मेसेज पडून असेल. एकदा उघडून बघा.