कमलाबाई ओगले

स्वयंपाक घरोघरी रोज होतो. म्हणूनच की काय, त्याची विद्या म्हणून नोंद घ्यायला समाजाने फार विलंब केला. हॉटेल व खाद्यव्यवसायाचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था मुंबईत निघाली ती १९५४ साली. तोपर्यंत आचारी घडत ते एखाद्या जाणत्याच्या हाताखाली, पाहून आणि करून. कमलाबाई ओगले याच जुन्या वाटेने शिकल्या.

त्यांचा जन्म १९१३ साली, आजच्या सांगली जिल्ह्यातील कुंडल या गावी झाला. परिस्थिती बेताची असल्याने शाळा चौथीपर्यंतच झाली. लग्नानंतर त्या सांगलीला आल्या आणि सासूबाईंच्या देखरेखीखाली त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले. हाताला चव होतीच, तिला आता शिस्त लागली. पुढे त्या पाककलेचे वर्ग घेऊ लागल्या. घरात मोबदल्याविना होणारे काम अशा रीतीने त्यांचा व्यवसाय बनले.

शिकवताना मोठी अडचण असते ती अंदाजाची. अनुभवी सुगरण मूठभर, चिमूटभर, बेताने असे सांगते. तिला ते पुरते, शिकणाऱ्याला पुरत नाही. त्यात १९५८ पासून देशात दशमान वजने-मापे येऊ लागली आणि शेर-तोळ्यांत मोजणाऱ्या घरांत ग्रॅम-लिटर आले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ या पुस्तकात कमलाबाईंनी हा गुंता टाळला. त्यांनी प्रमाण दिले ते वाटी आणि चमच्याचे.

ही युक्ती वरवर साधी, पण विचार पक्का आहे. घरोघरची वाटी लहानमोठी असते, हे खरे. मात्र एकाच वाटीने डाळ मोजली आणि त्याच वाटीने गूळ मोजला, तर पुरणाचे प्रमाण बिघडत नाही. वजनापेक्षा जिनसांचे परस्परांशी असलेले नाते महत्त्वाचे. (मिरचीचा तिखटपणा मात्र कोणत्याच वाटीत मोजता येत नाही, तेथे जीभच लागते.) मोठ्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यातही हेच तत्त्व पाळावे लागते. आचारी बदलला तरी पदार्थाची चव बदलून चालत नाही. त्यासाठी प्रमाण आणि कृतीचा क्रम लिहून ठेवावाच लागतो.

मराठीत पाककृतींची पुस्तके यापूर्वीही होती. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचे. पण ‘रुचिरा’इतका प्रसार क्वचितच एखाद्या पुस्तकाला लाभला. त्याच्या दीड लाखाहून अधिक प्रती खपल्या. चौथी शिकलेल्या बाईंचे हे पुस्तक पदवीधर मुलींच्या रुखवतात आणि परदेशी निघालेल्या मुलांच्या सामानात जाऊ लागले. सासूबाई जवळ नसलेल्या घरांत ते त्यांच्या जागी आले.

१९९९ साली कमलाबाईंचे निधन झाले. पुस्तकाच्या आवृत्त्या त्यानंतरही निघत राहिल्या.