रुग्णांच्या रांगेत भरणारी पाठशाळा: अबू बक्र राझी

वाचकहो, रुग्णालयात शिकविणाऱ्या परिचारिकेला विचारून पाहा. खाटेवरच्या रुग्णाकडे पाहावे की शेजारी उभ्या विद्यार्थिनीला समजावावे, हा पेच तिला रोज पडतो. अबू बक्र मुहम्मद बिन जकरिया राझी यांच्यापुढे तो अकराशे वर्षांपूर्वी उभा होता.

त्यांचा जन्म इ.स. ८६५ मध्ये (हि. २५१) आजच्या तेहरानजवळील रय नगरीत झाला. वैद्यकाकडे ते उशिराच वळले. पुढे रय व बगदाद येथील रुग्णालयांचे प्रमुख झाले. त्यांच्या काही तात्त्विक मतांवर उलेमांनी कठोर टीका केली आहे, हे आपण लपवू नये. येथे विषय त्यांच्या रुग्णसेवेचा आहे.

त्यांच्या बैठकीचे वर्णन इब्न नदीम यांनी नोंदविले आहे. राझींपुढे त्यांचे शागीर्द बसत, त्यांच्यापुढे शागिर्दांचे शागीर्द आणि त्यापलीकडे आणखी नवखे. येणारा रुग्ण प्रथम भेटेल त्यालाच आपली व्यथा सांगे. त्याला उमगले नाही तर तो आतल्या रांगेकडे जाई. तेथेही उलगडा झाला नाही, तर राझी स्वतः बोलत. अशा रीतीने नवख्याला रुग्ण पाहावयास मिळे आणि उस्तादांचा वेळ अवघड रोगासाठी राखला जाई. मात्र ही सारी व्यवस्था एका गोष्टीवर उभी होती: बाहेरच्या रांगेतील तरुणाला ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणता यावे. तो खोट्या अभिमानाने गप्प राहिला, तर किंमत रुग्णाने मोजायची. फतवा देतानाही हेच नाही का?

शिकविण्याच्या व्यापात गरिबांची आबाळ त्यांनी होऊ दिली नाही. निर्धन रुग्णांना ते सढळ हाताने मदत करीत आणि त्यांची शुश्रूषाही करीत. उरलेला वेळ लेखनाचा. देवी व गोवर या रोगांवरील त्यांचा प्रबंध प्रसिद्धच आहे. अखेरीस दृष्टी गेली, इ.स. ९२५ मध्ये ते रय येथेच निवर्तले.

मागे राहिली ती टिपणांची रास: वाचलेले उतारे आणि स्वतः पाहिलेले रुग्ण. वजीर इब्न अमीद यांनी ती राझींच्या बहिणीकडून मोठी रक्कम देऊन मिळविली, रयमधील त्यांच्या शागिर्दांना एकत्र बसविले आणि त्यांच्या हातून ‘अल-हावी’ हा ग्रंथ सिद्ध झाला.