भिंतीपलीकडे वाजलेली घंटा

वाय-फाय मध्येच तुटलं की आपण काय करतो? राउटर बंद करतो, दहापर्यंत आकडे मोजतो, परत चालू करतो. चाललं तर ठीक, नाही तर कंपनीच्या नावाने शंख. पण बिनतारी लहर मध्येच का हरवते, भिंत तिला कुठे अडवते आणि ती घेणारं यंत्र मधूनच मुकं का होतं, या प्रश्नांमागे सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यातला एक प्राध्यापक हात धुऊन लागला होता. त्यांचं नाव जगदीशचंद्र बोस. शाळेच्या पुस्तकाने आपल्याला ते झाडांचे शास्त्रज्ञ म्हणून शिकवले आणि परीक्षेपुरते ते तेवढेच राहिले. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांवर हा अन्यायच आहे.

बोस यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. मुलाला इंग्रजी शाळेत घालणं त्यांना सहज जमलं असतं, पण त्यांनी मुद्दाम बंगाली शाळेत घातलं. एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा, आणि मध्ये साहेबांचा जगदीश. पाण्यातल्या जीवांच्या, पक्ष्यांच्या गोष्टी त्याने तिथेच ऐकल्या. नर्सरीपासून टाय लावून शाळेत गेलेल्या माझ्यासारख्याने हे वाचलं की थोडं अवघडायला होतं. असो.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफों नावाचे फिजिक्सचे शिक्षक भेटले आणि प्रयोगाची गोडी लागली. 1880 मध्ये ते लंडनला डॉक्टर व्हायला गेले. तापाने पिच्छा सोडला नाही, शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सोसेना, म्हणून वैद्यक सोडून केंब्रिजला गेले. तिथे लॉर्ड रॅली शिकवायला होते. 1884 मध्ये पदवी घेऊन परत आले आणि 1885 पासून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले.

आणि इथे पहिला झटका बसला. तेव्हा भारतीय प्राध्यापकाला इंग्रज प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळायचा. बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा, म्हणजे एक तृतीयांश. त्यांनी संप केला नाही, नोकरी सोडली नाही. रोज वेळेवर कॉलेजला जायचे, पूर्ण तास घ्यायचे, फक्त पगाराला हात लावायचे नाहीत. एक नाही, दोन नाही, तीन वर्षं! तेही घरावर वडिलांचं कर्ज असताना. 1887 मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालं, म्हणजे बिनपगारी संसारात त्याही भागीदार होत्या. शेवटी सरकार नमलं आणि मागची सगळी थकबाकी पूर्ण पगाराने मिळाली. त्या पैशातून वडिलांचं कर्ज फेडायला हातभार लागला.

प्रयोगशाळा म्हणाल तर जेमतेम चोवीस चौरस फुटांची खोली. मदतीला एक पत्र्याचं काम करणारा कारागीर. हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या होत्या आणि ऑलिव्हर लॉजचं त्यावरचं लिखाण बोस यांच्या वाचनात आलं. 1894 च्या सुमारास त्यांनी काम सुरू केलं. हर्ट्झच्या लहरी लांबलचक होत्या. बोस यांनी त्या आखूड करत करत पाच मिलिमीटरपर्यंत आणल्या. आजच्या भाषेत साठ गिगाहर्ट्झ! आपलं घरचं वाय-फाय 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे लांबी साधारण साडेबारा आणि सहा सेंटिमीटर. लहर आखूड केली की छोट्या टेबलावर प्रयोग मावतो, हा त्यांचा सरळ हिशोब होता. ठिणगीचं यंत्र त्यांनी धातूच्या पेटीत बंद केलं, म्हणजे भटक्या लहरी बाहेर येऊन मोजमापात घोळ घालणार नाहीत. लहरी गोळा करायला पत्र्याचं नरसाळं केलं. ध्रुवीकरणासाठी पीळ दिलेला ताग वापरला. एकदा तर रेल्वेचं वेळापत्रक घेतलं, पानापानांत धातूचा पातळ पत्रा घातला आणि तेच उपकरण म्हणून वापरलं. आमच्या लॅबमध्ये एक प्रोब हरवला की प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यावर जातं!

1895 मध्ये कलकत्त्यात जाहीर प्रयोग झाला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर समोर हजर होते. पंचाहत्तर फूट लांबच्या खोलीत, मधल्या भिंतींपलीकडे, कोणतीही तार नसताना घंटा वाजली आणि दारू उडाली. लहर गव्हर्नरसाहेबांच्या अंगातूनही आरपार गेली असं चरित्रांत लिहितात. मला ते तितकंसं पटत नाही. माणूस म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. दारा-खिडक्यांतून, भिंतींवर आपटून, वळसा घालून ती गेली असणार. घंटा वाजली हे मात्र खरं.

हा वळसा आणि ही भिंत मी मुखेडला मामाच्या घरी पाहिली. जुनं माळवदाचं घर, दोन-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. मामाने तीन डब्यांचं मेश बसवून घेतलं. मागच्या खोलीत मोबाईलवर सगळ्या कांड्या दिसायच्या, तरी दर थोड्या वेळाने कनेक्शन तुटायचं. मामाचं म्हणणं, लाईनच खराब. पण मोबाईलच्या कांड्या फक्त मोबाईल आणि जवळचा डबा यांच्यातलं सांगतात. त्या डब्याचं मुख्य राउटरशी बोलणं दगडी भिंतीतून आणि लोखंडी कपाटाच्या पाठीमागून चाललं होतं, ते कुणीच पाहिलं नव्हतं. ॲपमध्ये डब्याडब्यांमधला सिग्नल बघितला, मधला डबा उचलून दाराच्या चौकटीसमोर ठेवला, तुटणं थांबलं. केबल टाकली असती तर आणखी उत्तम, पण मामींना भिंतीला भोक नको होतं. कोणता पदार्थ लहर सोडतो आणि कोणता अडवतो, हेच बोस एकेक वस्तू मध्ये ठेवून तपासत होते.

त्यांची खरी डोकेदुखी होती लहर पकडणारं यंत्र, कोहेरर. काचेच्या नळीत धातूचा कीस. लहर आली की कण एकमेकांना चिकटतात आणि वीज वाहते. पण एकदा चिकटले की चिकटलेच! पुढचा संदेश घ्यायचा तर नळीला टिचकी मारायची. म्हणजे तो काळचा रीस्टार्ट. त्यात कलकत्त्याची दमट हवा, कीस गंजायचा. बोस यांनी कीस काढला आणि पोलादी स्प्रिंगांची रांग बसवली. पुढे लोखंड आणि पारा वापरून टिचकीशिवाय आपोआप पूर्ववत होणारं यंत्र केलं. त्याचा निबंध 1899 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. डिसेंबर 1901 मध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडून संदेश पकडल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याच्याकडे इटलीच्या नौदलाकडून आलेलं पाऱ्याचंच यंत्र होतं. त्याचं मूळ बोस यांच्या निबंधात आहे, असं 1998 मध्ये एका बंगाली इंजिनिअरने अमेरिकेतल्या आय-ट्रिपल-ईच्या नियतकालिकात मांडलं.

बोस यांनी पेटंट का घेतलं नाही? ज्ञान विकायचं नाही हा त्यांचा हट्ट. सारा बुल या अमेरिकन मैत्रिणीने आणि भगिनी निवेदितांनी मागे लागून एक पेटंट करायला लावलं. गॅलेना स्फटिकाच्या डिटेक्टरचं, 1904 मध्ये अमेरिकेत मिळालेलं. अर्धवाहकावरच्या अगदी पहिल्या पेटंटांपैकी ते एक. बोस यांनी त्याचा एक पैसाही घेतला नाही आणि मुदत तशीच संपू दिली. मला हे अजूनही नीट गिळता येत नाही. पगाराच्या हक्कासाठी तीन वर्षं झुंजणारा माणूस इथे हक्क सोडतो. एक मात्र आहे, तेव्हाचा पगार हा अपमानाचा प्रश्न होता, पेटंट हा नुसत्या पैशाचा.

झाडांकडेही ते या यंत्रातूनच वळले. सतत वापरलं की कोहेरर थकल्यासारखा मंद व्हायचा, विश्रांती दिली की परत ताजा. धातू थकतो, तर जिवंत पेशी आणि धातू यांत फरक किती? हा प्रश्न त्यांनी 1900 मध्ये पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेत मांडला आणि बिनतारी मागे पडली. 1917 मध्ये बोस इन्स्टिट्यूट उभी राहिली, 1920 मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व मिळालं. 23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

त्यानंतर साठ वर्षांनी, अमेरिकेत ॲरिझोनातल्या किट पीकवर बारा मीटरच्या रेडिओ दुर्बिणीला नवा रिसीव्हर बसला होता, 1.3 मिलिमीटरच्या लहरींसाठी. त्यात बोस यांच्या 1897 च्या निबंधातल्या काही कल्पना वापरल्या होत्या.