राजाजी : शासनास मर्यादा घालू पाहणारा राज्यकर्ता

२५ डिसेंबर १९७२ रोजी, ऐन नाताळाच्या दिवशी, चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे मद्रासमध्ये निधन झाले. १८७८ मध्ये जन्मलेले राजाजी हे गांधीजींचे व्याही, स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल आणि परंपरेचा अभिमान बाळगणारे धर्मनिष्ठ हिंदू होते. १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री होताच त्यांनी धान्यावरील नियंत्रणे उठविली.

जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. शेतकऱ्याची जमीन त्याच्या हातून जाईल, या चिंतेने राजाजींनी ऐंशीव्या वर्षी स्वतंत्र पक्ष स्थापला. त्यांच्यासोबत आले पूर्वीचे समाजवादी व पुढे व्यक्तिस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते बनलेले मिनू मसानी, आणि १९३६ मध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे किसान सभेच्या अधिवेशनाचे अध्यक्ष असलेले एन. जी. रंगा. एकास धर्म प्रिय, दुसऱ्यास व्यक्तीचे स्वातंत्र्य. परंतु शेत, दुकान व कुटुंब यांत शासनाने अकारण हात घालू नये, यावर एकमत. मूलभूत तत्त्वांपलीकडे प्रत्येक सदस्यास आपल्या मतानुसार वागण्याची मुभा होती.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात असेच सांगितले होते : लहान समूहास जमते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये. मात्र दुबळ्यांचे रक्षण ख्रिस्तसभा शासनाचेही कर्तव्य मानते. संस्थानिक व जमीनदारांनी भरलेल्या या पक्षात ती बाजू उणी पडली, असे आम्हांस वाटते. शिवाय १९३७ मध्ये सेलममध्ये कायद्याने दारूबंदी आणणारे राजाजीच होते!

१९६७ मध्ये पक्षाचे ४४ खासदार निवडून आले. राजाजींच्या मागे दोनच वर्षांत, १९७४ मध्ये, तो भारतीय लोकदलात विलीन झाला.