बसंतरचा एकवीस वर्षांचा योद्धा : सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल

नवी दिल्ली, १६ डिसेंबर : १६ डिसेंबर १९७१ हा दिवस भारताच्या इतिहासात विजय दिवस म्हणून नोंदला गेला. त्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. मात्र त्याच दिवशी सकाळी पश्चिम आघाडीवर, शकरगडच्या परिसरात, रणगाड्यांची घनघोर लढाई पेटली होती. त्या लढाईत एकवीस वर्षांच्या एका तरुण अधिकाऱ्याने आपला जळता रणगाडा सोडण्यास नकार दिला आणि लढता लढता देह ठेवला. दुसऱ्याच दिवशी युद्धविराम झाला. या अधिकाऱ्याचे नाव होते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल.

अरुण यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. सैनिकी परंपरा त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. पणजोबा शीख खालसा सैन्यात होते, आजोबांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात सेवा केली, तर वडील एम. एल. खेत्रपाल भारतीय लष्कराच्या इंजिनिअर्स कोरमध्ये अधिकारी होते आणि पुढे ब्रिगेडियर पदापर्यंत पोहोचले. अरुण यांचे शालेय शिक्षण हिमाचल प्रदेशातील सनावर येथील लॉरेन्स स्कूलमध्ये झाले. अभ्यासाबरोबरच खेळातही ते पुढे होते. सैन्यात जाण्याचा त्यांचा निर्णय बालपणीच पक्का झाला होता.

१९६७ च्या जूनमध्ये ते खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. जन्मगावाच्या कुशीतच त्यांच्या सैनिकी जीवनाचा पाया घातला गेला. त्यानंतर देहरादून येथील भारतीय सैन्य अकादमीत प्रशिक्षण पूर्ण करून १३ जून १९७१ रोजी ते १७ पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये रुजू झाले. पेशवाईच्या अखेरच्या काळात, १८१७ मध्ये, पुण्यात उभारलेल्या घोडदळाचा वारसा सांगणारी ही रेजिमेंट. १९६५ च्या युद्धात तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल ए. बी. तारापोर यांना सियालकोट क्षेत्रात वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्राने गौरविण्यात आले. हा आदर्श रेजिमेंटमधील प्रत्येक नव्या अधिकाऱ्यासमोर होता.

युद्धाची चाहूल लागली तेव्हा अरुण अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणक्रमात होते. आदेश येताच ते आघाडीकडे निघाले. जाताना त्यांनी गोल्फचे साहित्य आणि समारंभाचा पोशाखही बरोबर घेतला होता. लाहोरमध्ये गोल्फ खेळायचे आणि विजयानंतरच्या मेजवानीला हा पोशाख घालायचा, असा त्यांचा बेत होता. तारुण्यातील उत्साह आणि विजयाबद्दलची निःशंक खात्री यांचे दर्शन त्यातून घडते. घरातून निघताना आईने त्यांना आजोबांच्या आणि वडिलांच्या शौर्याची आठवण करून दिली आणि त्यांच्यासारखेच लढण्यास सांगितले.

३ डिसेंबर रोजी युद्धाला तोंड फुटले. जम्मू आणि पठाणकोट यांना जोडणारा मार्ग सुरक्षित राखण्याच्या दृष्टीने शकरगडचा भूभाग अत्यंत महत्त्वाचा होता. तेथील बसंतर नदी ओलांडून पलीकडच्या तीरावर पाय रोवण्याची जबाबदारी ४७ इन्फंट्री ब्रिगेडवर होती आणि पूना हॉर्स तिच्या साहाय्याला होती. १५ डिसेंबरच्या रात्री पायदळाने पलीकडचा तीर गाठला. पण वाटेत सुरुंग पेरलेले होते. इंजिनिअर्सचे जवान मार्ग मोकळा करीत असतानाच शत्रूच्या रणगाड्यांच्या हालचाली वाढल्याचे वृत्त आले. काम अर्धवट असतानाही सुरुंगांच्या पट्ट्यातून पुढे जाण्याचा निर्णय पूना हॉर्सने घेतला आणि रणगाडे नदीपार पोहोचले.

१६ डिसेंबरच्या सकाळी धुराच्या पडद्याआडून शत्रूच्या पॅटन रणगाड्यांनी जरपालजवळ प्रतिहल्ला चढविला. तेथे असलेल्या बी स्क्वाड्रनचे बळ अपुरे पडू लागले आणि तिने कुमक मागितली. अरुण ए स्क्वाड्रनमध्ये होते. संदेश मिळताच ते आपली तुकडी घेऊन वेगाने निघाले. वाटेत शत्रूच्या पायदळाच्या ठाण्यांवरून मारा झाला, त्यात त्यांच्या तुकडीतील एका रणगाड्याचा कमांडर धारातीर्थी पडला. अरुण यांनी थेट त्या ठाण्यांवर चाल करून ती मोडून काढली आणि काही सैनिकांना कैद केले. ऐन मोक्याच्या वेळी ते लढाईच्या ठिकाणी पोहोचले आणि शत्रूचा पहिला हल्ला परतविला गेला.

शत्रूने पुन्हा जोर केला. आता त्या भागात भारताचे केवळ तीन रणगाडे उरले होते. तरीही त्यांनी दहा पाकिस्तानी रणगाडे निकामी केले. त्यातील चार एकट्या अरुण यांच्या नावावर आहेत. याच धुमश्चक्रीत फामागुस्टा नावाच्या त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्यावर गोळा आदळला आणि त्याने पेट घेतला. रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा आदेश त्यांना रेडिओवरून मिळाला. आपली तोफ अजून चालते आहे, असे कळवून त्यांनी माघार घेण्यास नकार दिला. उरलेल्या दोन रणगाड्यांची स्थिती पाहता आपण मागे हटलो, तर शत्रूला वाट मोकळी होईल, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी टिपलेला शेवटचा रणगाडा त्यांच्यापासून जेमतेम शंभर मीटरवर होता. त्यानंतर दुसरा गोळा लागला आणि अरुण खेत्रपाल यांना वीरमरण आले. मात्र शत्रूला ती फळी भेदता आली नाही.

त्यांच्या बलिदानाची वार्ता कुटुंबीयांपर्यंत पोहोचण्यास अनेक दिवस लागले. युद्ध संपल्याचा आनंद देशभर साजरा होत असताना एक घर मुलाच्या परतण्याची वाट पाहत होते. या असामान्य पराक्रमाबद्दल राष्ट्राने अरुण यांना मरणोत्तर परमवीर चक्र प्रदान केले. सेवेत रुजू होऊन तेव्हा त्यांना अवघे सहा महिने झाले होते.

या कथेचा उत्तरार्ध तीस वर्षांनी घडला. २००१ मध्ये ८१ वर्षांचे ब्रिगेडियर खेत्रपाल आपले जन्मस्थान पाहण्यासाठी पाकिस्तानातील सरगोधा येथे गेले. लाहोरमध्ये ख्वाजा मोहम्मद नासेर या निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियरने त्यांचे अगत्याने आदरातिथ्य केले. मुक्कामाच्या अखेरच्या रात्री यजमानांनी मन मोकळे केले. बसंतरच्या लढाईत १३ लान्सर्सच्या तुकडीचे नेतृत्व करताना अरुण यांचा रणगाडा आपणच टिपला होता, हे त्यांनी सांगितले आणि त्या तरुणाच्या धैर्याला आदरपूर्वक अभिवादन केले. मुलाला मारणाऱ्याच्याच घरी आपण पाहुणे आहोत, हे त्या वृद्ध पित्याला त्या क्षणी कळले. तेही सैनिक होते. समोरच्याने त्याचे कर्तव्य केले, हे त्यांनी जाणले आणि मनात वैर न धरता ते मायदेशी परतले.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील संचलन मैदान आज खेत्रपाल यांच्या नावाने ओळखले जाते. फामागुस्टा रणगाडाही पुढे भारताकडे परत आला आणि जतन करण्यात आला. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना परमवीर चक्र विजेत्यांची नावे देण्यात आली, त्यातील एक बेट अरुण यांच्या नावाचे आहे. खडकवासल्याच्या त्या मैदानावरून दर वर्षी तरुण छात्रांच्या तुकड्या संचलन करीत बाहेर पडतात. त्यातील बहुतेकांचे वय बसंतरच्या त्या सकाळी अरुण खेत्रपाल यांचे होते, जवळपास तेवढेच असते.