उरलेले चौदा दिवस

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे सूत्र आपल्याला शाळेपासून पाठ आहे. आता एक गणित करा. लंडनहून ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला जायचंय. थांबत थांबत अंतर होतं सुमारे १७,७०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी १३७ किलोमीटर. उत्तर येतं १३० तास, म्हणजे साडेपाच दिवस. पण १९३० साली एमी जॉन्सनला या प्रवासाला लागले साडेएकोणीस दिवस! मग उरलेले चौदा दिवस गेले कुठे?

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावी झाला. शेफील्ड विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून ती लंडनला एका वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी झाली. विमानाचं वेड लागलं ते तिथेच. नुसतं विमान उडवायला शिकून ती थांबली नाही. हँगरमध्ये मेकॅनिक लोकांबरोबर हात काळे करून तिने १९२९ मध्ये ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्स मिळवलं. ब्रिटनमध्ये ते मिळवणारी ती पहिली स्त्री.

६०० पौंडांचं सेकंडहँड ‘जिप्सी मॉथ’ विमान घेऊन तिने त्याचं नाव ठेवलं ‘जेसन’. कॉकपिट उघडं, रेडिओ नाही. तोवरची तिची सर्वात लांबची मजल म्हणजे लंडन ते हल! ५ मे १९३० रोजी ती एकटी क्रॉयडनहून निघाली. बर्ट हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम तिला मोडायचा होता.

रात्री उतरावंच लागे, आणि उतरल्यावर झोपायच्या आधी इंजिनची देखभाल तिलाच करावी लागे. बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरवलं. तरीही सहाव्या दिवशी ती कराचीत होती, हिंकलरच्या दोन दिवस पुढे! तिथून अलाहाबादला जाताना पेट्रोल संपत आलं आणि ती उतरली थेट झाशीच्या परेड ग्राउंडवर.

खरा घोटाळा झाला रंगूनजवळ इन्सीनला. मुसळधार पावसात ती एका टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या मैदानावर उतरली आणि विमान चरात गेलं. पंख फाटला, प्रोपेलर मोडला. जादा प्रोपेलर तिने लंडनहूनच बांधून आणला होता. बाकीची दुरुस्ती इन्स्टिट्यूटच्या लोकांनी तिच्याबरोबर राबून केली. पण त्यात दिवस गेले आणि विक्रमही गेला. आता घाई कसली, असं म्हणून ती थांबू शकली असती. थांबली नाही. तिमोरचा समुद्र ओलांडून २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत गेलेली ती पहिली स्त्री ठरली.

१९३२ मध्ये तिने लंडन-केपटाउनचा विक्रम मोडला, तोही स्वतःच्या नवऱ्याचा! पुढे ती ब्रिटनच्या स्त्री इंजिनिअरांच्या संस्थेची अध्यक्षही झाली.

दुसऱ्या महायुद्धात ती हवाई दलाची विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवायची. ५ जानेवारी १९४१ रोजी ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टनला निघाली. प्रवास फार तर दीड तासाचा. पण हवामान खराब होतं, ती वाट चुकली आणि टेम्सच्या मुखाशी समुद्रात पडली. मृतदेह सापडलाच नाही. वय अवघं ३७.

२०१८ पासून लंडन-पर्थ हे सुमारे १४,५०० किलोमीटरचं अंतर विमान न थांबता साधारण १७ तासांत कापतं. ‘जेसन’ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. त्या चौदा दिवसांत काय काय होतं? अंधार, वादळ, चिखल, मोडतोड आणि दुरुस्ती. सूत्रात यातलं काहीच मावत नाही. इंजिनिअरचं काम मात्र बहुतेक तिथेच असतं.