मांडीत टेफ्लॉन टोचून घेणारा सर्जन

एका रुग्णाच्या खुब्यात ॲक्रिलिक प्लास्टिकचा गोळा बसवला होता. जेवणाच्या टेबलावर तो पुढे झुकला की सांधा करकरायचा आणि बायको वैतागायची. ही हकीकत कळल्यावर जॉन चार्नली घर्षणाच्या मागे लागले. १९११ मध्ये इंग्लंडमधील बरी येथे जन्मलेले, मँचेस्टरला डॉक्टर झालेले चार्नली विगनजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात हाडांचे सर्जन होते.

घर्षण कमी हवे, तर टेफ्लॉन! नॉनस्टिक तव्यावर असतो तोच. हा ॲडिशन प्रकारचा पॉलिमर. यात लहान रेणूंतला दुहेरी बंध उघडतो आणि हजारो रेणू एकमेकांचे हात धरून लांबलचक साखळी करतात. वाटेत काहीच बाहेर पडत नाही. इथिलीनची अशी साखळी म्हणजे पॉलिथिन. त्यातल्या प्रत्येक हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन आला की टेफ्लॉन.

चार्नलींनी गोळा स्टीलचा घेतला, वाटी टेफ्लॉनची. गोळ्याचा दांडा मांडीच्या हाडात पक्का करायला कवळीचे ॲक्रिलिक वापरले. तेही याच कुळातले. वर्षानुवर्षे कण्हणारे रुग्ण चालू लागले. पण गुळगुळीत असणे वेगळे आणि टिकाऊ असणे वेगळे. तीनचार वर्षांत वाट्या झिजल्या, झिजेच्या कणांनी आजूबाजूला गाठी धरल्या, हाड पोखरले. सुमारे ३०० रुग्णांवर ही वेळ आली. दोष नेमका कशाचा, हे पाहायला चार्नलींनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले.

१९६२ मध्ये एका विक्रेत्याने अतिशय लांब साखळीच्या पॉलिथिनचा तुकडा प्रयोगशाळेत आणून दिला. चार्नलींनी तो झटकून टाकला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र, साहेब परगावी असताना, तो झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे अहोरात्र घासूनही, टेफ्लॉन एका दिवसात झिजे तेवढाही तो झिजला नाही. चार्नलींनी याचेही कण मांडीत टोचून घेतले. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या गाठी हाताला लागत होत्या, पॉलिथिनची लागत नव्हती.

त्याच वर्षी नोव्हेंबरपासून पॉलिथिनच्या वाट्या बसू लागल्या. पण या वेळी चार्नलींनी घाई केली नाही. इतर सर्जनना हा सांधा हवा असेल, तर आधी राइटिंग्टनला येऊन शिकावे लागे. १९७७ मध्ये ते ‘सर’ झाले, १९८२ मध्ये वारले. खुब्याच्या वाटीला आजही बहुधा पॉलिथिनच वापरतात. दुधाच्या पिशवीचेच भावंड, फक्त साखळी कितीतरी लांब.